दामोदरराव मुळीक यांच्या निमूटपणाची हकीकत

श्री श्वासोच्छ्वास समर्थ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशी भ्रम नामे गनिमाचा मोड जाहला, दामोदरराव मुळीक शुद्धीवर आले, आणि कोटात पेढे वाटले. ऐसे काही घडलेच नाही. दप्तरी भ्रमाची नोंदच नाही, सबब वाचणाऱ्याने पेढे विसरून पुढील मजकूर ऐकावा.

कोणे एके राज्यात अतिदक्षता नामे कोट होता, दहा खाटांचा मुलूख, आणि परिचारिका कुंदाबाई लोटलीकर तेथील खाशा शिलेदार. गनीम दो जातींचा. एक आरडाओरडा करी, नळ्या उपटी, तो सर्वांस दिसे. दुसरा गुपचूप सुरुंग लावी. माणूस निमूट पडून राही आणि आत बुद्धीचा बुरूज ढासळे, तो कोणास न दिसे. त्याच्या शोधार्थ चार प्रश्नांची परीक्षा नेमली होती, परंतु कोटाची चाल ऐसी की मेजावरूनच दहाही खाटांपुढे "भ्रम नाही" ऐसे एका दमात लिहावे आणि मग चहा घ्यावा.

पाचवे खाटेवर दामोदरराव मुळीक, शस्त्रक्रिया होऊन चौथा दिवस. कोणीही आला की हात जोडीत आणि मान डोलावीत. कोटाचे अंमलदार डॉक्टर सबनीस प्रसन्न होऊन बोलिले, "असा पेशंट पाहिजे. दुपारी यांना जनरल वॉर्डात हलवा." कुंदाबाईंस संशय आला, की इतके नमस्कार निवडणुकीखेरीज कोणी करीत नाही, आणि आत रोग दडला असोन वॉर्डाच्या गर्दीत गेले, तर गृहस्थ हकनाक जाईल. मग बोलिल्या, "सर, पाच मिनिटं द्या, परीक्षा घेते." सबनीस बोलिले, "अहो सिस्टर, मला बघून हात जोडतात. अजून काय शुद्ध हवी?" बाई हटल्या नाहीत. "काका, मी अक्षरं म्हणते. 'अ' आला की माझा हात दाबायचा." दामोदररावांनी प्रत्येक अक्षरास दाबिला, आणि वर दुसराही हात ठेविला. "काका, दगड पाण्यावर तरंगतो का?"

"तरंगतो," दामोदरराव अदबीने बोलिले.

"नक्की?"

"आपण म्हणाल तर बुडवू." आणि मग सबनिसांकडे वळोन हळूच, "व्याहीबुवा, पंगतीत काही कमी पडलं का? पोर साधी आहे आमची, सांभाळून घ्या."

तेव्हा उलगडा जाहला, की चार दिवस दामोदरराव लेकीच्या लग्नमंडपात उभे होते, आणि वरपक्षास नाही म्हणावयाची रीत नसल्याकारणे प्रत्येक डॉक्टरास हो म्हणत होते. सबनिसांनी लेखणी उचलिली. हलविण्याचा हुकूम रद्द, रक्त तपासिले तो अंगातील मीठ घटलेले, लघवी तपासिली तो जंतू छावणी देऊन बसलेले. मग औषध सुरू जाहले, आणि चष्मा डोळ्यांवर आला, आणि जिचे लग्न होऊन अकरा वर्षे लोटली होती ती लेक उशाशी बसविली. तिसरे दिवशी कुंदाबाईंनी पुन्हा पुसिले, "काका, दगड तरंगतो का?"

दामोदरराव तडकले, "शिकलेल्या ना तुम्ही? असलं काय विचारता? आणि ही पेज कोणी केली? भिंतीला लावायच्या लायकीची आहे."

सबनीस बोलिले, "सिस्टर, हे भांडताहेत."

"हो सर," बाई डोळे पुसोन बोलिल्या, "बरे झाले."

सारांश, निमूट तो निरोगी ऐसे मानू नये. खाटेपाशी जाऊन, दर पाळीस पुसावे. सबब कुंदाबाईंचा हुजूरचरणी अर्ज, की राउंडास येणारे समस्त अंमलदार, खुद्द डीनसाहेब धरोन, यांचीही दर पाळीस हीच परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण होईतो त्यांस दाराबाहेर बाकावर बसवावे. मंजुरीचा कागद सात दिवसांत उलटटपाली पोचावा, ही विनंती.