डुकरांची बाळगुटी

डुकराच्या पिल्लांना मांडीवर घेऊन बाळगुटी चाटवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दौलतकाका. गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावात त्यांचा भाजीचा मळा होता आणि माझं किराणा दुकान. वेखंड, मुरुडशेंग, डिकेमाली, हळकुंड, जायफळ, गुटीचं सगळं ते माझ्याकडूनच न्यायचे. दुकानात बायामाणसं उभी असली की मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "बापू, डिकेमाली चांगली दे. मांगची पिल्लाइनं थुकून देल्ली." बाया हसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी.

काकू गेल्यावर त्यांना ही बुद्धी सुचली. मळ्यातला किडका कोबी, पिवळा पालक वाया जातो म्हणून त्यांनी एक पांढरी डुकरीण आणली. भावकीनं नाकं मुरडली, लग्नाच्या पत्रिका यायच्या थांबल्या. काकांचं म्हणणं, बुंदीनं तशीही जळजळच होते.

इंजेक्शनाशी मात्र त्यांचं वैर. पिल्लू जरा ढिलं हगलं की लोक सुई टोचतात, हे त्यांना खपायचं नाही. उठल्यासुटल्या दिली तर दवा मुर्दाड होते, मग खरं दुखणं आल्यावर काय देणार, असा त्यांचा सवाल. "सुई मंग, सहाण आदी," हे पालुपद. जनावरांचे डॉक्टर हसायचे, पण अर्धं बरोबर आहे म्हणायचे.

मधेच एकदा त्यांनी गुटीचं साहित्य निवडून निवडून घेतलं. हैदराबादला मुलाला मुलगा झाला होता. बारशाहून परतले तेव्हा पुडकं तसंच पिशवीत होतं. तिथल्या डॉक्टरांनी आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि सुनेनं ते ऐकलं. काका एवढंच सांगून मिरच्यांचा भाव विचारायला लागले.

पुढे आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले. कोणाचे कागद कुठे, कोणता साहेब कुठे, सगळा गोंधळ. आमचे डॉक्टर निर्मलला गेले, नवे यायचे होते. आणि नेमकी तेव्हाच काकांची दोन महिन्यांची अकरा पिल्लं दुधावरून तोडल्याबरोबर हगवणीनं आडवी झाली.

मी म्हटलं, काका, आदिलाबादहून डॉक्टर आणू. ते म्हणाले, दोन दिवस थांब. माझा जीव राहीना. तिसऱ्या दिवशी सकाळीच मळ्यात गेलो. नऊ पिल्लं ताकातल्या कण्यांना तोंड लावत होती. दोन कोपऱ्यात मान टाकून पडलेली. काका त्यांच्यासाठी काकूंच्या सहाणेवर हळकुंड उगाळत मोठ्यानं मोजत होते. पाच, सहा, सात.

मला रागच आला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, लेकराला जितवा महिना तितकेच वळसे.

"काका, पिल्लं दोन महिन्यांची. सात वळसे काऊन देऊन राह्यले?"

त्यांचा हात थांबला.

"भुललो बापू," ते म्हणाले. "नातवाले सातवा लागला ना."

इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली, त्या माणसासमोर मी मान खाली घालून उभा राहिलो. आजही आठवलं की लाज वाटते.

काकांनीच मग शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. सांगितलं, ह्या दोघांचं काम आता सहाणेच्या बाहेर गेलं, डॉक्टरला फोन लाव. मी लावला. संध्याकाळी आदिलाबादहून डॉक्टर येऊन दोघांना सुई देऊन गेले. एक वाचलं, एक गेलं. त्या गेलेल्याला काकांनी मळ्याच्या कडेला स्वतः पुरलं.

पण ते नंतरचं. तेव्हा, मी फोन ठेवला आणि वळून पाहिलं, तर काकांनी सहाणेवरची सात वळशांची हळद बोटानं निपटून घेतली होती. ती त्यांनी हळूच स्वतःच्या जिभेवर ठेवली. तान्ह्या पोरासारखं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू हाये लई," ते म्हणाले. "सून बराबर म्हन्ते."

आणि सहाण धुऊन त्यांनी पुन्हा हळकुंड हातात घेतलं. एक. दोन. तिथे थांबले.