शिंक न येणारं घर

घर विकायला अक्कल लागते, आणि ती अख्ख्या नंदुरबारात आपल्या एकट्याकडेच आहे, याबद्दल सुकलालभाऊंच्या मनात तिळभर शंका नव्हती!

"वत्सला, तू फक्त देखत ऱ्हाय!" ते बायकोला म्हणाले. "गिऱ्हाइक घरमा पाय ठेई आनि म्हनी, सुकलालभाऊ, कागद करा!"

"आनि शिंक उनी म्हंजे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"त्या दिन घरमा कोनीच शिंकाव नही!"

"शिंक काय तुमनी कचेरीना शिपाई शे? ऊठ म्हनं ते ऊठस, बस म्हनं ते बसस?"

सुकलालभाऊ कचेरीत कारकून. घर तसं झकास होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, आडाला बारमाही पाणी. खोट एकच, आणि ती घराच्या मागे. तिथे मिरचीची पथारी होती. दिवाळी झाली की त्या मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत पडायची ती थेट होळीपर्यंत. सोळा बाया दिवसभर ती खालीवर करायच्या, आणि दर वेळी उडालेला खकाणा मागच्या खिडकीतून सरळ वत्सलाबाईंच्या नाकात! बारा वर्षं बाई शिंकत होत्या. यंदा मात्र छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "अजून एक हंगाम इथे काढलात तर माझ्याकडे येऊ नका."

त्या दिवसापासून सुकलालभाऊंची झोप उडाली. बायकोपुढे फुशारकी मारत, पण रात्री तिचा श्वास मोजत पडून राहत. घर विकायचं आणि तिच्या माहेरी, रनाळ्याला, दुसरं घ्यायचं असं ठरलं. पण आलेली तिन्ही गिऱ्हाइकं ओट्यावरच शिंकली आणि चहा न घेता पळाली.

चौथं गिऱ्हाइक सुपडू दलालाने आणलं. "तापीकाठना छगनभाई. रोकडा मानूस!" एवढं सांगून दलाल गायब झाला. आता हे गिऱ्हाइक हातचं जाऊ द्यायचं नाही! सुकलालभाऊंनी एकदा सुरतेला पाहिलं होतं. तिथले शेठ घर विकण्याआधी त्याला नवरीसारखं सजवत. बस्स! आपणही नवरी सजवायची!

भिंतींना नीळ घातलेला चुना लागला. शेजारच्या रंजनाबाईंची पितळी भांडी फळीवर चढली. कचेरीतल्या दोन खुर्च्या आल्या, पाठीवर सरकारी नंबरांसकट. ओळखीच्या घड्याळजीकडून दुरुस्तीला आलेलं भिंतीवरचं घड्याळ आलं. ते कधीही वाजायचं आणि मनाला येईल तितकं वाजायचं. मागच्या खिडकीवर सुकलालभाऊंनी अठरा खिळे ठोकून फळ्या मारल्या आणि वर मोराचं चित्र असलेली चादर टांगली. घरभर इतकं गुलाबपाणी शिंपडलं की दूधवाला दारातूनच "लगीन कोनं शे?" म्हणून विचारून गेला.

राहिली पथारी. तिथला मुकादम हिलाल. सुकलालभाऊ त्याच्याकडे गेले.

"हिलाल, एक दिन मिरची झाकी ठेव. बायासले चार वाजालोंग बसाडी ठेव."

"भाऊसाहेब, शेठ मन्हं कातडं काढी!"

"सोळा बायासले मांडा खाऊ घालसू. पुरनना! तूपसंगे!"

"मंग मिरची काय, आख्खं नंदुरबार झाकी टाकसू!"

घरी ही बातमी कळल्यावर वत्सलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "सोळा बाया! मांडा कोन करी? तुमना सायेब?"

पण केले बिचारीने. पहाटेपासून खापरावर मांडे टाकले, पथारीवर पोचते केले. वरून नवऱ्याची ताकीद होती, "तू सैपाकघरमाच बठ. बोलू नको. बोलनी का शिंकशी!"

दुपारी छगनभाई आले, बरोबर त्यांची बायको जमनाबाई. सुकलालभाऊंनी त्यांना एस.टी. स्टँडवरच गाठलं, टांग्यात घातलं आणि पथारी दिसू नये म्हणून अर्ध्या गावाला वळसा घालून आणलं.

छगनभाई केळी-कापसाचे मोठे शेतकरी, आणि मनातलं ओठावर येऊ न देणारे. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, आडात डोकावले, मग अगदी आंबट तोंड करून विचारलं, "आठे... मिरचीनं काही?"

हाच तो प्रश्न! सुकलालभाऊ तयारच होते.

"मिरची? आठे? नाव नका ल्या! मिरची गावना त्या टोकले! आठे बारा वरीसमा कोनी शिंकनं नही!"

छगनभाईंचा चेहरा उतरला. टांग्यात हाडं खिळखिळी झाली असतील, असं सुकलालभाऊंना वाटलं.

"मांगे काय शे?"

"मोकळं रान! हवा! निस्ती हवा!"

"मंग खिडकीवर मोर कसाले टांगेल शे?"

"हवा भलती येस ना! थंडी वाजस!"

घड्याळाने चौदा ठोके दिले. जमनाबाईंनी ते बोटांवर मोजले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

इकडे पथारीवर वेगळंच घडत होतं. हिलालने नंतर सांगितलं म्हणून कळलं. बायांनी मांडे चेपले, घटकाभर लवंडल्या, आणि त्यातली कमलीबाई उठून म्हणाली, "वैनीनी इतलं जीव लाईसन खाऊ घालं, आनि आपुन लोळत पडूत? चला वं, आज दुप्पट काम करूत!" झालं! सोळाजणी पदर खोचून मिरचीवर तुटून पडल्या. असा खकाणा उडाला की नाव नको!

तो कौलांच्या फटीतून घरात उतरला.

"आऽऽक्छी!" जमनाबाईंनी सलामी दिली.

छगनभाईंचं नाक वर झालं. "मिरचीना खकाना शे ना हाऊ?"

"नही नही! शेजारीन ठेचा कुटी ऱ्हायनी!" सुकलालभाऊ स्वतःचं नाक चिमटीत धरून म्हणाले.

"इतला ठेचा?"

"तिना घरमा मानसं बहू शेतस!"

"आक्छी! आक्छी! आऽऽक्छी!"

आता काय सांगावं? सुकलालभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "गावमा सर्दीनी साथ शे!"

"साथ?" जमनाबाई खुर्चीवरून उडाल्याच. पदर नाकाला लागला. "उठा वो! पोरंसोरंनं घर शे आपलं!"

दोघं उंबऱ्यापाशी पोचली. तिथे छगनभाई थांबले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "घर फक्कड शे भाऊ, पन आम्हना कामनं नही. औंदा मी मिरची लायेल शे. पुढला साल सोतानी पथारी चालावनी शे. सुपडूनी सांगं, हाई घरना मांगेच पथारी शे, आनि जुना शेठ ती सोडी ऱ्हायना. भाव चढाले नको म्हनीसन मी तोंड वाकडं करं. पन आठे ते मिरचीना पत्ताच नही!"

सुकलालभाऊ किंचाळले, "शे! शे! पथारी शे! मांगेच शे!"

"आते ते मोकळं रान व्हतं?"

"रानमाच पथारी शे!"

"आनि ठेचा?"

"ठेचा नही, पथारीच शे!"

"आनि साथ?"

"साथबी पथारीनीच शे!"

"चाल जमना," छगनभाई हळूच म्हणाले. "बिचाराले काहीतरी व्हयेल शे."

सुकलालभाऊंनी धावत जाऊन मोर ओढून काढला. खाली फळ्या, फळ्यांत अठरा खिळे. स्वतःच्या हाताने ठोकलेले, आणि कचेरीतल्या कामासारखा ढिला त्यात एकही नव्हता! नखं तुटली, फळी हलेना.

तेवढ्यात सैपाकघरातून अशी शिंक आली की घड्याळाने घाबरून आणखी चार ठोके दिले. वत्सलाबाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ, नाक लाल, हातात लोखंडी बत्ता. नवऱ्याला बाजूला सारून त्यांनी बत्त्याने फळ्या उचकटल्या आणि खिडकी धाडकन उघडली. समोर लालच लाल!

"देखा!" त्या कडाडल्या. "बारा वरीस हाईच देखी ऱ्हायनू मी! खिडकी उघाडी का बठ्ठी पथारी डोयासमोर! दुसरं काही दिसतच नही!"

"बठ्ठी?" छगनभाई खिडकीशी आले. "त्या कोपरालोंग?"

"रातले कोनी पोतं हालाडं तरी झोप मोडस!"

"पोतं हालाडं तरी?"

"बाया पानी प्याले मन्हा ओटावर, भांडाले मन्हा ओटावर! कोन कवय उनी, कोन कवय गई, बठ्ठं माले समजस!"

"जमना, मुकादमबी ठेवाले नको!"

सुकलालभाऊ मागून हातवारे करत होते. बस कर! घराची बदनामी बस कर! पण बारा वर्षांचं साठलेलं होतं, ते थांबतं होय?

"आनि उन्ह! दिनभर आग! सावलीनं नाव नही!"

"सावली नही?" छगनभाईंनी हातच जोडले. मिरची वाळवणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

बोलता बोलता वत्सलाबाईंना धाप लागली. त्या भिंतीला टेकल्या. "छातीमा घरघर व्हस भाऊ. डाक्टर म्हने, आठे ऱ्हायनी ते वाचाव नही. कोनी लेतच नही हाई घर. मी काय करू?"

आणि बाई रडायलाच लागल्या. सुकलालभाऊंचे हातवारे हवेतच थांबले.

जमनाबाईंनी पुढे होऊन त्यांचा पिठाचा हात धरला. "रडू नको बहीन. आम्ही लेतस घर. मी काय आठे ऱ्हावाव नही, आम्हनं गाव बरं. आठे ह्या एकलाच ऱ्हातीन. शिंकू द्या त्यासले!"

बयाणा तिथेच ठरला. छगनभाईंनी कागद मागवला आणि सुकलालभाऊंसमोर सरकवला.

"तुम्ही कचेरीना मानूस. सोताना हाते लिखा, मांगे काय शे ते. तोंडनं आयकं तेवढं बस व्हयनं!"

सुकलालभाऊंनी टाक दौतीत बुडवला आणि मान खाली घालून लिहायला घेतलं, "सदर घराचे पश्चिमेस मोकळे रान नसून मिरचीची पथारी आहे..."

खिडकी सताड उघडी होती. सोळाजणी मांड्याला जागत होत्या. इतका वेळ आवरून धरलेलं सुकलालभाऊंचं नाक आता लिहिण्याच्या नादात मोकळं सुटलं होतं.

"आऽऽऽक्छी!"

टाक उडाला, दौत कलंडली आणि 'पथारी'च्या पुढे रुपयाएवढा काळा डाग पडला.

सुकलालभाऊ ओशाळून दुसरा कागद घेऊ लागले. छगनभाईंनी त्यांचा हात धरला, डाग निरखून पाहिला, आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच मनापासून हसले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ते म्हणाले. "आते पटनं!"