लाइलचे आखडलेले हात

"ड्वाइट, इंडियानातले गुन्हेगार अजून सुखाने झोपतात, कारण मी अजून सगळ्याच प्रकरणांत लक्ष घातलेलं नाही!" एवढं बोलून मर्ल हॉस्टेटलर दणक्यात शिंकला. आठवडाभर त्याचं नाक चोंदलेलं होतं, मेंदू मात्र म्हणे वाऱ्यासारखा धावत होता. आजवर त्याने शोधलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे शेजाऱ्याचा बोकड, आणि तोही आपल्या पायांनी घरी आला होता. पण ड्वाइट हे बोलणार कुणाला? मर्ल पडला त्याच्या बहिणीचा नवरा.

प्रकरण मात्र खरंच गंभीर होतं. बास्केटबॉलच्या चषकासाठी तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते आणि समोर होता शेजारच्या गावचा बर्ट कून्झ, दारातून आडवा शिरणारा गडी. आपला लाइल त्याच्यापुढे वीतभर बुटका आणि काडीपैलवान. पण हात असे लांब की उभ्याउभ्या गुडघे खाजवावेत. पहिल्या सामन्यात त्याने बर्टचा एकेक चेंडू वरच्यावर अडवला. दुसऱ्यात मात्र कोपरं बरगड्यांना चिकटवून नुसता उभा राहिला, आणि बर्टने त्याच्या डोक्यावरून टोपली भरून टाकली. आता उरला होता शेवटचा सामना.

"मर्ल, हा माझा शेवटचा हंगाम," प्रशिक्षक ग्लॅडिसबाई म्हणाल्या. "गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. इतक्या वर्षांत त्या चषकाला एकदा बोट लागलं नाही रे. पोराच्या हातांना काय झालंय तेवढं शोध."

मर्लने आधी ड्वाइटला शिडीवर चढवून टोपलीची उंची मोजायला लावली. ती बरोबर निघाली.

"म्हणजे हातच आटलेत! थंडीने!"

"दाजी, हात आहेत ते, लोकरीचा स्वेटर नाही."

मग बर्टने धमकावलं असणार, असं ठरलं. मर्ल खोटी दाढी लावून त्याच्या दारात उभा राहिला.

"या मर्लकाका, कॉफी घेता?" बर्ट म्हणाला. "आणि लाइलला काय झालंय हो? उंच माणसांचं मला काही वाटत नाही, पण ते हात म्हणजे ताप आहे डोक्याला. परवा खाली राहिले, तर मी देवाचे आभार मानले."

"फारच गोड बोलतो. हाच चोर!" मर्ल परतताना म्हणाला. ड्वाइटने गाडीची काच खाली केली आणि दाढी बाहेर फेकून दिली.

शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी व्यायामशाळेच्या स्वयंपाकघरात थेल्माबाई मक्याच्या लाह्या फोडत होत्या. "लाइल, तो वरचा मिठाचा डबा दे रे." लाइलने स्टूल ओढलं.

"स्टूल कशाला मेल्या? एवढे हात दिलेत देवाने! कर वर!"

लाइलने हात वर केला. रांगेतली माणसं लाह्या टाकून पळाली. ड्वाइटच्या डोळ्यांत पाणी आलं. मर्ल एकटाच मध्यभागी उभा राहून विचार करत होता.

"बनियन कधी धुतलीस?" थेल्माबाईंनी पदराआड, म्हणजे एप्रनआड, नाक लपवत विचारलं.

"नाही धुतली. अंतिम फेरी संपेपर्यंत धुवायची नाही, नाहीतर नशीब धुऊन निघतं, असा ग्लॅडिसबाईंचा नियम आहे," लाइल लालबुंद होत म्हणाला. "पहिल्या सामन्यात मी हात वर केले, तर बँडमधली ट्रम्पेटवाली उठून पार मागच्या रांगेत गेली. म्हणून मग..."

बाकीच्या खेळाडूंनी माना खाली घातल्या. सगळ्यांनी गुपचूप धुतल्या होत्या.

दारात उभ्या ग्लॅडिसबाई पुढे आल्या. "माझ्यासाठी तू एकट्यानेच पाळलास होय रे? मग आता दुसरा नियम ऐक. हात खाली आणायचे नाहीत."

त्याने ते आणले नाहीत. बर्ट पहिल्यांदा जवळ आला, थबकला आणि मग सामनाभर चार पावलं लांबूनच चेंडू फेकत राहिला. त्यातले जे टोपलीकडे वळले, ते लाइलच्या बोटांनी अडवले. शिट्टी वाजली तेव्हा ग्लॅडिसबाईंनी चषक छातीशी धरला आणि त्या हमसून हमसून रडल्या.

"सांगितलं होतं ना, गुन्हा हातांशीच संबंधित आहे!" मर्ल गर्दीला समजावत होता. तेवढ्यात लाइलने त्याला आनंदाने दोन्ही लांब हातांत कवटाळलं, आणि आठवडाभराचं चोंदलेलं नाक नेमकं तेव्हाच मोकळं झालं.

"ड्वाइट," तो क्षीण आवाजात म्हणाला, "पुरावा सापडला."