पार्टिशनपलीकडचे ‘अहो’

“तू फक्त नाटक कर. बाकीचं सगळं माझ्यावर सोड आणि बिनघोर राहा!”

हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की गोदामातले हमाल त्याला पाठीमागे ‘बिनघोर’च म्हणायचे. टायरच्या भल्यामोठ्या गोदामाचा तो व्यवस्थापक. ज्याच्या एका शब्दावर टायरांचे डोंगर इकडचे तिकडे होतात, त्याला एक बाई, एक खुर्ची आणि एक कंदील सांभाळणं काय जड जाणार?

ती बाई म्हणजे त्याची बायको. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना “अजून थोडा आ करा” म्हणायची आणि घरी आल्यावर भांडी घासता घासता नाटक लिहायची. बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत म्हातारी झालेल्या एका बाईची गोष्ट. रंगमंचावर ती एकटीच. तालीम स्वयंपाकघरात चाले. ती नुसती खिडकीकडे बघायची आणि इकडे बिनघोरच्या डोळ्यांना धार लागायची. कांदा घरात औषधालासुद्धा नसताना! एवढी मोठी नटी, आणि ती रोज आपल्यावर ओल्या टॉवेलवरून ओरडते, या विचारानं त्याची छाती फुगून यायची.

शहरात छोट्या नाटकांचा महोत्सव भरला होता. मोठ्या थिएटरांत ज्यांना कुणी उभं करत नाही, त्यांचा. एका लॉन्ड्रीत तीन बहिणी वॉशिंग मशीनच्या ठेक्यावर संगीत नाटक करत होत्या. सायकलच्या दुकानात एक निवृत्त वकील नुसत्या टोप्या बदलून अख्खा खटला एकट्यानं चालवत होते, आणि न्यायाधीशाच्या टोपीत ते इतके कडक दिसत की प्रेक्षकांतला एक जण खोकून “माफ करा, साहेब” म्हणाला होता! या सगळ्या गुणी गर्दीत बिनघोरनं बायकोसाठी बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल मिळवला. म्हणजे अर्धा हॉल. मधोमध घडीचं लाकडी पार्टिशन होतं.

“पलीकडे काय आहे?” बायकोनं विचारलं.

“चिटपाखरू नाही! मी स्वतः जाऊन बघितलं.”

बघितलं होतं, हे अगदी खरं. पण सकाळी. संध्याकाळी, बरोबर त्याच वेळेला, पलीकडे विनोदाचा कार्यक्रम होता.

तिकिटं फाडणं, दार लावणं, लाटांचा आवाज सोडणं, दिवे कमीजास्त करणं, सगळं बिनघोरकडे. दोघंही सकाळपासून उपाशी. ती भीतीनं, तो धावपळीनं. प्रेक्षक मोजकेच, पण दर्दी दिसत होते. बायको कंदील घेऊन आली, खुर्चीत बसली, आणि हॉल गारठून जाईल अशा आवाजात म्हणाली, “या समुद्रानं मला काय दिलं?”

“पोटाचा घेर!” पार्टिशनपलीकडून कुणीतरी गरजलं, आणि पाठोपाठ हशाचा लोंढा आला.

बायकोची पापणी हलली नाही. “रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही...”

“कारण सासूबाई ट्रॅक्टरसारख्या घोरतात!”

पुन्हा हशा! पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ओढणीत तोंड लपवलं. त्यांचे खांदे गदगदत होते, आणि ते कशानं, हे बिनघोरला लगेच कळलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको तिकडे एकटी, एका कंदिलाच्या जोरावर, त्या पुराशी झुंजत होती. आवाज चढवत नव्हती, उलट उतरवत होती. लोकांनी पुढे वाकून ऐकावं म्हणून. आणि लोक वाकत होते! पण शेवट जवळ आला होता. शेवटी असाच हशा आला, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

‘दोन मिनिटांत येतो,’ असं स्वतःलाच बजावून बिनघोर बाहेर धावला, बोळातलं पहिलं दार दिसताच ढकललं आणि आत शिरला. डोळ्यांवर झगझगीत उजेड आला. तो थेट विनोदवाल्याच्या स्टेजवर उभा होता!

विनोदवाला म्हणजे लाल कोटातला जिवंत ढोल. त्यानं हात पसरले. “या, या! उशिरा येणाऱ्यांना आम्ही स्टेजवरच बसवतो! आपण कोण?”

“मी... शेजारचा.”

हशा.

“काय काम काढलंत?”

“जरा हळू हसा हो! पलीकडे माझी बायको नवऱ्याची वाट बघतेय!”

हशानं हॉल फुटला. विनोदवाला म्हणाला, “मग इथे काय करताय? जा की!”

“माझी वाट नाही हो! तिचा नवरा समुद्रात गेलाय!”

“मग तुम्ही कोण?”

“मी तिचा नवरा!”

लोक खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात आले. एका माणसाचा चष्मा पडला, तो शोधायला वाकलेला दुसरा उठूच शकेना. बिनघोरनं हात जोडले.

“हसा, पण एक ऐका. तिनं हे भांडी घासताना लिहिलंय. तिच्यासारखी नटी तुम्ही बघितली नसेल. मी तुम्हाला दोष देत नाही. हा हॉल मीच शोधला. पण तुम्ही हसलात की ती तिकडे एकटी पडते हो.”

हसू हळूहळू विरलं. विनोदवाल्यानं माईक खाली केला, एक हात वर उचलला, आणि सगळा हॉल चिडीचूप झाला. त्या शांततेत फळ्यांपलीकडून बायकोचा थकलेला, म्हातारा आवाज आला.

“अहो... आलात का?”

नाटकाचं हे शेवटचं वाक्य. याला उत्तर यायचं नव्हतं. नुसत्या लाटा, आणि मग काळोख. पण इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला ‘अहो’ म्हटलं की त्याची जीभ कुणाची परवानगी विचारत नाही!

“आलो, आलो!” बिनघोर ओरडला. आणि लगेच जीभ चावली. संपलं! बुडवलं नाटक!

पलीकडून बायकोचा आवाज आला, जरा कापरा. “इतका उशीर?”

“अगं, इथे अडकलो होतो. येऊ देत नव्हते.”

कुणी हसलं नाही.

“जेवलात का?”

“कुठलं! सकाळपासून पोटात काही नाही. तू?”

“तुमच्यासाठी थांबले होते.”

दोन्ही हॉलांत नाकं ओढल्याचे आवाज आले. विनोदवाल्यानं लाल बाहीनं डोळे पुसले. बायको पुढे काय म्हणते ते ऐकायला बिनघोरनं पार्टिशनला कान लावला, नीट ऐकू येईना म्हणून अंगाचा भार टाकला, आणि वरची कडी निसटून फळ्या खडखडत बाजूला सरकल्या! बिनघोर पालथा पडला तो बायकोच्या पायाशी. दोन हॉल एकमेकांकडे टकमका बघत राहिले.

बायको खुर्चीतून उठली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात ती खिडकीकडे बघायची, तसं.

“आलात,” ती म्हणाली. “आता दिवा मालवा.”

बिनघोर उठला, गुडघे झटकले, मुकाट्यानं भिंतीकडे गेला आणि बटण बंद केलं. विनोदवाल्यानंही आपल्या बाजूचे दिवे घालवले. काळोखात दोन्ही हॉलांतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छापखान्याची तावदानं थरथरली.

नंतर एका वृद्ध गृहस्थांनी बिनघोरचे हात धरले. “काय सहज अभिनय! कुठे शिकलात?”

“मेहनत हो, मेहनत!” बिनघोर म्हणाला.

बायकोनं ठरवलं, शेवट आता असाच. बिनघोरनं रात्रभर आरशासमोर तालीम केली. दुसऱ्या दिवशी तिनं जीव ओतून विचारलं, “अहो... आलात का?” पार्टिशनपलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग गोदामाच्या भोंग्यावरून मालाची गाडी पुकारावी तसा तो कडाडला, “होय, प्रिये! मी परत आलो आहे!” लोक पोट धरून हसले. बायको म्हणाली, “तुम्ही दिव्यांपाशीच बरे.”

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं काम विनोदवाल्यानं केलं. त्यानं आपला कार्यक्रम जरा आधी संपवला, त्याचे प्रेक्षक श्वास रोखून बसून राहिले, आणि त्यानं हलकेच म्हटलं, “आलो, आलो.” बायकोनं मान वर केली. काय चेहरा होता तो! काळोख व्हायला हवा होता, पण झालाच नाही. दिवेवाला बटणावर डोकं टेकून हुंदके देत होता.

घरी जाताना बायको म्हणाली, “उद्यापासून दिव्यांनाही दुसरा माणूस बघते.”

“आणि मी?”

“तुम्ही प्रेक्षकांत बसा. शेवटच्या रांगेत. आणि मी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही!”