अप्पा सबनीसांचा रोटेटर

"ट्रॉम्बे! अगं ट्रॉम्बे! जास्त झालं, जरा मागे घे!"

अंधेरीच्या आमच्या घराच्या गच्चीवरून संध्याकाळी हा आरडाओरडा सुरू झाला, की नवे बिऱ्हाडकरू हमखास दचकत. एक गृहस्थ तर ट्रॉम्बेची बस सुटली समजून अनवाणीच रस्त्यावर धावले होते. आम्हा जुन्यांना सवय होती. अप्पा सबनीस परदेशाशी बोलायला बसले, एवढाच त्याचा अर्थ.

अप्पा विमा कचेरीत हेडक्लार्क. पण हौशी रेडिओचं सरकारी लायसन असलेला आमच्या आळीतला एकुलता एक माणूस. गच्चीवर पाण्याचा पाइप उभा करून त्यावर त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल चढवलं होतं. ते ज्या दिशेला तोंड करी, तिकडचं ऐकू येई. पाइपाला खाली सायकलचं हँडल, आणि ते धरून माई उभ्या, म्हणजे अप्पांची बायको. अंश-बिंश माईंना कळत नसत, म्हणून अप्पांनी सगळ्या जगालाच त्या-त्या दिशेच्या इथल्या गावांची नावं देऊन टाकली. ट्रॉम्बे म्हणजे ऑस्ट्रेलिया, मढ म्हणजे विलायत, ठाणं म्हणजे जपान. गच्चीतल्याच बाजूच्या खोलीत अप्पा कानाला हेडफोन लावून बसत, त्यामुळे आपण केवढ्याने ओरडतो हे त्यांना कधी कळलंच नाही. पण तेवढ्या सरंजामावर हा माणूस सिडनीशी गप्पा मारायचा हो! मला त्याचं भारी कौतुक.

मग माईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला आणि अप्पांनी माझ्यापुढे जाहीर केलं, "वसंता, आता रोटेटर बघायचा!" रोटेटर म्हणजे एरियल फिरवणारी मोटर.

काय सांगू, मुलीला स्थळ बघतानासुद्धा कुणी इतके फाटे फोडत नाही. कुणीतरी अमेरिकन कॅटलॉग दिला. अप्पांनी तो रविवारभर वाचला आणि मिटून ठेवला. "फिरायला काय, कोणीही फिरेल रे. वारा सुटल्यावर थांबता आलं पाहिजे!" एका मोटरीला ब्रेकच नव्हता. दुसरीला होता, पण मढला जा म्हटलं तर ती वरळीला जाऊन उभी राही.

शेवटी लष्करी भंगारातून मी विमानाच्या पंख्याची पाती वळवणारी मोटर शोधून आणली. घाम निघाला माझा. एकदम झकास माल! अप्पांनी तिला गोंजारलं, उलटीपालटी केली आणि विचारलं, "हिची वायर तळमजल्यापर्यंत नेता येईल?"

"कशाला? सेट वरच आहे ना? चार हात पुरे."

"चार हात नको. लांब वायरीवर हिचा जोर मरतो, तेवढं बघायला हवं."

"अप्पा, तुम्हाला एरियल फिरवायचंय की मला?" मी वैतागून म्हटलं. ते नुसते हसले.

आणि पुढचे दोन महिने त्या माणसाने जी खटपट केली, तिला तोड नाही. मोटर वर, तिची वीज वर, आणि खाली फक्त दोन बटणांची बारीक वायर. ती वायर त्यांच्या टेबलाजवळून तशीच पुढे गेली, भिंतीवरून उतरली आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून थेट माईंच्या पलंगाशी आली.

"अहो अप्पा, बटणं तुमच्या हाताशी नकोत का? वर बसल्या बसल्या फिरवाल!"

अप्पा वायरीला खिळा मारत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तिचा जिना बंद झाल्यावर मी दोनदा लावला रे सेट. पाइप स्वतःच फिरवला. जपान आलं, छान स्वच्छ आलं. मी उठून गच्चीत गेलो तिला सांगायला. तिथे नुसतं हँडल." त्यांनी पुन्हा हातोडी उचलली. "मग नाही लावला. सहा महिने चादर टाकून ठेवलाय."

मी मान खाली घातली. सहा महिने मी या माणसाला चिकित्सक म्हणून हसत होतो.

पलंगावर माई उशीला टेकून बसल्या होत्या. लुगडं बदललेलं, वेणीत अबोली, बटणांची पेटी मांडीवर.

"जा ना हो वर," त्या म्हणाल्या, "मी केव्हाची बसलेय."

पन्नाशी उलटलेले अप्पा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले.