जावईबापूंचं नेमकं काम

लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी जावईबापूंना एकच प्रश्न विचारला होता. "तुमचं नेमकं काम काय?"

"मी व्हायोला वाजवतो."

"म्हणजे व्हायोलिन."

"नाही, त्याहून थोडं मोठं. आवाज थोडा खालचा."

"मोठं असून आवाज खालचा?" असं म्हणून सासऱ्यांनी जो चेहरा केला, तो जावईबापू आजतागायत विसरलेले नाहीत. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. नापास मुलाच्या बापाशी बोलताना हाच चेहरा करायचे म्हणे.

त्यानंतर ते प्रत्येक कार्यक्रमाला आले. पण मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलावाले बसतात व्हायोलिनवाल्यांच्या पाठीमागे, कुठेतरी मधेच. त्यामुळे कार्यक्रम संपला की सासरे भेटून म्हणायचे, "छान झालं हो. तुम्ही आला होतात का?" (पहिल्या वर्षी जावईबापूंना ही थट्टा वाटली. दुसऱ्या वर्षी कळलं की माणूस मनापासून विचारतोय.)

आणि आता बायकोचा पियानो आणि जावईबापूंचा व्हायोला, असा दोघांचाच कार्यक्रम ठरला होता. स्टेजवर तिसरं माणूस नाही. आज सासऱ्यांना दिसल्यावाचून राहायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून बायकोला घेऊन ते हॉलवर सगळ्यांच्या आधी पोचले आणि बघतात तर काय, पियानो स्टेजच्या पार पुढे आणून ठेवलेला. त्याच्यापुढे उभं राहायला जेमतेम वीतभर जागा, तीही अंधारात. दिव्याचा सगळा झोत पियानोच्या पोटावर.

हॉलचा व्यवस्थापक किल्ल्या देताना बोलला होता, "पियानो सरकवायचा असला तर मला हाक मारा. स्टेजला पुढच्या बाजूला उतार आहे." जावईबापूंनी विचार केला, एवढ्यासाठी कशाला कुणाला त्रास द्या. त्यांनी पियानोची चाकं अडवणारे तिन्ही खटके उघडले, खांदा लावला आणि पियानो हातभर मागे ढकलला. झोतात उभं राहून पाहिलं. थोडं डावीकडे उभं राहून पाहिलं. छान दिसत असणार असं त्यांचं स्वतःचं मत पडलं. आता वाकून खटके लावायचे, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात आतून बायकोनं हाक मारली.

"अरे, इकडे ये. पाठीची चेन अडकलीये."

चेन निघाली. चेनबरोबर खटकेही डोक्यातून निघाले.

सुरुवातीचा भाग हळुवार होता, तोवर सगळं ठीक चाललं. सासरे पहिल्या रांगेत, चष्मा पुसून बसलेले. दुसऱ्या भागात बायकोनं दोन्ही हातांनी दणक्यात सुरुवात केली आणि जावईबापूंच्या कमरेला मागून काहीतरी लागलं. मोठं आणि थंडगार. ते एक पाऊल पुढे सरकले. तेही एक पाऊल पुढे आलं.

जावईबापू वाजवता वाजवता मागे वळून पुटपुटले, "पुढे चाललंय."

बायकोला वाटलं, आपली लय पुढे पळतेय. तिनं लय कमी केली. पियानोनं काही कमी केली नाही.

"अगं, लय नाही, पियानो."

तोवर तिलाही कळलं होतं, कारण पियानोच्या पट्ट्या तिच्यासमोरून उजवीकडे निघाल्या होत्या. तिनं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं स्टूल ओढलं आणि नवऱ्याकडे बघितलं. लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला त्या बघण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता पुढे पाऊल टाकायला स्टेजच उरलं नव्हतं. खाली सासऱ्यांचं डोकं, मागे पियानो. जावईबापूंनी पाय रोवले आणि बूड लावून पियानो अडवला. वाकून खटका लावावा तर टेकू निघतो, टेकू ठेवावा तर वाकता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बायकोनं जोरात वाजवलं की ते मागे रेटायचे, तिनं हळू वाजवलं की श्वास घ्यायचे. तिनं या एका संध्याकाळसाठी किती महिने घासलं होतं, ते त्यांनी शेजारच्या खोलीतून रोज ऐकलं होतं. आपण दिसलो नाही तरी चालेल, पण तिचं वाजवणं मोडता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात उरलं.

गंमत अशी की एरवी जावईबापू वाजवताना फार डुलतात. आज डुलायची सोयच नव्हती. शेवटचा तो लांब, खालचा सूर त्यांनी असा काही काढला की बायको पट्ट्यांवरचे हात उचलायचं विसरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

टाळ्या सुरू झाल्या. बायको उठून वाकली. जावईबापू नुसतीच मान हलवत उभे राहिले. शेवटी व्यवस्थापक धावत येऊन खटके लावून गेला, तेव्हा कुठे ते सुटले.

आत गेल्यावर बायकोनं आधी चाकांबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग त्यांची कंबर चोळून देत म्हणाली, "पण शेवट तू फार सुंदर वाजवलास. खरंच."

एवढ्यात सासरे आले. डोळे भरून आलेले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते थेट जावईबापूंकडे वळले. त्यांनी जावईबापूंचा हात दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जावईबापू, आज सगळं डोळ्यांनी पाहिलं. सबंध वेळ तुमच्यावरच नजर होती माझी. तुमचं नेमकं काम काय ते आज कळलं. तुम्ही होतात म्हणून निभावलं, नाहीतर तो पियानो माझ्या मांडीवर आला असता."

जावईबापूंनी आपला दुसरा हातही त्यांच्या हातांवर ठेवला.

"फक्त एक सांगा," सासरे आवाज खाली आणून म्हणाले. "एवढं अवजड काम, आणि हातात ते वाजवायचं कशाला दिलं होतं? दोन्ही हात मोकळे असते तर रेटायला बरं पडलं नसतं का?"