तेलाच्या बाटलीवरची रेघ

पंगतीत तिसऱ्या भाकरीला माणूस 'नको' कसं म्हणतो, एवढ्यावरून मी त्याची पत्रिका मांडतो. मंगळवार पेठेत पंचवीस वर्षं किराणा विकल्यावर एवढं यायलाच पाहिजे. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या निसर्ग-योग शिबिराची कोठी तात्यासाहेब गुरुजींनी माझ्या हाती दिली, तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "निर्धास्त राहा. माझ्या नजरेतून चिंचोकासुद्धा सुटत नाही."

शिबिर मलकापूरच्या अलीकडं, ओढ्याकाठी, बापूसोंच्या आमराईत. आठ दिवस, तीस माणसं. गुरुजी म्हणजे निवृत्त ड्रिलमास्तर. वय त्रेसष्ट, आवाज अजून पटांगणाएवढा. चुलीपाशी अमीरबी. पाणी, जळण आणि दुधाची म्हैस तिच्या नवऱ्याकडं, गैबीकडं. गैबी मूळचा तालमीतला, पैलवानांची निखळलेली हाडं बसवणारा. गुरुजी जैन, त्यामुळं कांदा-लसूण बंद आणि दिवस मावळायच्या आत जेवण. हे पथ्य आमच्यापेक्षा अमीरबीच कडक पाळायची. कुणीतरी चोरून आणलेला लसणाचा गड्डा तिनं म्हशीपुढं टाकला. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. म्हैससुद्धा सात्त्विक झाली होती.

पण दुसऱ्याच दिवशी मला दिसलं, तिळाचं तेल भराभर उतरतंय. भाजी तर कोरडी ठणठणीत. मी गुपचूप बाटलीवर कोळशानं रेघ ओढली. सकाळी तेल रेघेच्या दोन बोटं खाली.

"अमीरबी, तेल लई लागतंय म्हणायचं."

"लागतंय की," ती भाकरी थापत म्हणाली. "वय झाल्यावर आण्णा, तुमाला बी लागंल."

माझी नजर सरळ तिच्या पिशवीवर गेली. मुरलेली चोर आहे, मी मनाशी म्हटलं. वर तोंड करून माझं वय काढते.

चौथ्या दिवशी बापूसो यायचे होते. आमराई शिबिराला ठेवायची, का तोडून तिथं ऊस लावायचा, हे ते बघून ठरवणार होते. निरोप रोखठोक होता: "ज्याचं सवताचं आंग वळतंय, त्यालाच माझी झाडं." त्या निरोपानंतर गुरुजी जास्तच ताठ चालायला लागले. बापूसो यायच्या दिवशी त्यांनी मौन ठेवलं. सकाळी पद्मासन, डोळे मिटलेले, आणि गुरुजी 'ॐ शांती' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. सूट फक्त चुलीला.

ठरला होता अर्धा तास. पाऊण झाला. तास झाला. माझ्या पायांना मुंग्या आल्या, थोड्या वेळानं त्याही कंटाळून निघून गेल्या. शेवटी मी एक डोळा किलकिला केला. समोर पारावर गुरुजी, चेहरा मूर्तीसारखा शांत. पण दोन्ही हात उजव्या गुडघ्याखाली घालून ते गाळात रुतलेला ओंडका उपसावा तसा पाय उपसत होते. पाय ढिम्म.

तेव्हा मला उमगलं. 'ॐ शांती' म्हटलं की तीस जण डोळे उघडणार आणि गुरुजींना उठता येत नाही हे बघणार. म्हणून ते म्हणतच नव्हते. मी उठून गैबीला बोलवायला हवं होतं. पण उठायला पाय लागतात, आणि माझे कुठं आहेत तेच मला कळत नव्हतं.

तेवढ्यात चपलांची करकर आली. बापूसो. गुरुजींचे हात झटकन मांडीवर. दोन मिनिटं ते बघत उभे राहिले.

"गप बसल्यात की हो सगळी," असं पुटपुटले, धोतर आवरलं आणि डोळे मिटून माझ्या शेजारीच मांडी घालून बसले. मांडी कसली, गुळाची दोन पोती एकावर एक.

आणखी अर्धा तास गेला. भाकरी गार झाली म्हणून पिठाच्या हातानं अमीरबी आली आणि पारापाशी थबकली. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. जन्मभर पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा माणूस, आज स्वतःलाच बाहेर उभं केल्यासारखा बघत होता.

अमीरबीनं आवाज चढवला. "डोळं उघडायचं न्हाईत कुणी! गुरुजींनी सांगून ठेवलंय. आता कानावर काय बी पडू दे, त्यांच्या मागनं तसंच म्हणायचं." मग मागं वळून हळूच, "अवो, बाटली घिऊन या."

गैबी आला. हातात माझी बाटली, तिच्यावर माझी रेघ. त्यानं गुडघ्यावर तेल ओतलं आणि कानाशी लागला, "गुरुजी, रोज सांजच्याला सांगतोय न्हवं, ह्यो पाय मुडपू नगा." अंगठा रुतला. कट्कन आवाज झाला.

"आई गंऽऽ!" गुरुजी.

"आई गंऽऽ!" तीस जण. दीड तास दुमडलेल्या साठ पायांमधून ती हाक आली होती. ओढ्यावरचे बगळे उडाले.

गुरुजी पार धरून उभे राहिले. "ॐ शांती."

डोळे उघडले तर बापूसो उपरण्यानं डोळे पुसत होते. "आई जाऊन बारा वर्सं झाली गुरुजी. ही झाडं तिनंच लावल्यात. आज पैल्यांदा तिला पोटातनं हाक मारली बघा. न्हाय तोडत आमराई."

तिथंच थांबायचं की नाही? पण ड्रिलमास्तर कुठला ऐकतोय.

"बापूसो, लपवून घेणार नाही," गुरुजी म्हणाले. "माझा गुडघा गेलाय. अमीरबी तेलात निर्गुडी उकळून देते, गैबी रोज चोळतो, तेव्हा मी उभा राहतो. माझं अंग वळत नाही. हे ऐकून काय ते ठरवा."

 

बापूसोंनी एकदा उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या वो. झाडं तुमचीच. पण गुरुजी, आदी मला उटवा."

गैबी बाटली घेऊन त्यांच्याकडं वळला. मंडळी लंगडत भाकरीकडं निघाली. मी मात्र तिथंच बसून झाडं बघत होतो. अमीरबी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आण्णा, उटायचं न्हाय व्हय?"

"जरा निसर्ग बघतोय."

तिनं नवऱ्याला फक्त बोटानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल रेघेच्या नऊ बोटं खाली होतं. त्यातलं तीन बोटं माझ्या गुडघ्यांत गेलं होतं. मी ओल्या फडक्यानं रेघ पुसून टाकली.